म्हशीवर लिहिलेला शब्द

"ह्यो शबुद बदलून द्या," ती बाई म्हणाली आणि तिने घामाने ओलसर झालेला, चार घड्या घातलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

चौऱ्याहत्तर सालचा मार्च महिना होता. कोल्हापुरात एका छापखान्याच्या माडीवर आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं कार्यालय होतं. कार्यालय म्हणजे दोन टेबलं, एक पाझरणारा माठ आणि भिंतीला लावून रचलेली चपलांची रिकामी खोकी. त्या खोक्यांत आम्ही शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवायचो. मी चोवीस वर्षांची, एम.ए. होऊन नुकतीच तिथे लागलेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

बाई तिशीची असेल. काष्टा घातलेलं लुगडं, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. पोटऱ्यांवर काट्यांचे ताजे ओरखडे होते.

"कोणता शब्द?" मी विचारलं.

"ह्यो. खालच्या शाळंच्या गुरुजींनी खूण केलीया." तिने बोट नेमकं ठेवलं. जनावर ताब्यात घेण्याबद्दलचा जुना, इंग्रजीत छापलेला सरकारी फॉर्म होता. सहाव्या ओळीत शाईने एक शब्द भरला होता आणि त्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ होती. फेरोशियस. म्हणजे हिंस्र.

"हे कुणाबद्दल लिहिलंय?"

"मोरीबद्दल. आमची म्हस."

मला हसू आलं आणि ते मी लपवलंही नाही. "अहो बाई, आम्ही इथे अर्थ नुसते लिहून काढतो. ठरवत नाही."

"असं कसं? गुरुजी म्हनाले, इंग्रजी शबदाचा मराठी अर्थ कोल्हापुरात देवस्थळी मास्तर ठरवत्यात. त्यांनी ठरवला की सरकारबी त्योच मानतंय. म्हनून तर मी काल सकाळपास्नं चालत आलो." ती स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलायची, तिकडच्या सगळ्या बायका बोलतात तसं.

आतल्या टेबलावरून देवस्थळी सर उठून आले. आमचे संपादक. साठी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि अंगात हट्ट म्हणाल तर पोत्याने. त्यांचा एक नियम होता. जो शब्द ज्यांच्या रोजच्या जगण्यातला असेल, त्यांच्याकडे जाऊन तो ऐकल्याशिवाय त्याची चिठ्ठी खोक्यात जायची नाही. 'फेल्ट', म्हणजे लोकर दाबून केलेलं कापड, ह्या शब्दासाठी आम्ही घोंगडीवाल्या सनगरांच्या घरी दोन दुपारी काढल्या होत्या. अशाने कोश कधी पुरा होणार, असं मी घरी रोज कुरकुरत असे.

सरांनी कागद नाकाला लावून वाचला. "बसा बाई. नाव काय तुमचं?"

"ठकू. ठकू धाकू झोरे."

"काय केलं तुमच्या म्हशीनं?"

"दत्तू मुकादमाला मारलं. हिरडा गोळा करायचा ठेका हाय न्हवं, त्या ठेकेदाराचा मुकादम. मांडीत शिंग घातलं."

"का मारलं?"

ठकूबाईने खाली फरशीकडे पाहिलं. "म्हस हाय. तिला काय ठावं."

मग तिने सगळं सांगितलं. येत्या शुक्रवारी गुरांचे डॉक्टर त्यांच्या धनगरवाड्यावर येणार होते. त्यांनी त्या शब्दावर हो म्हटलं की मोरीला खाली नेणार. नेलेलं जनावर परत आल्याचं तिच्या वाडीत कोणाला आठवत नव्हतं. गवळी धनगरांची दहा घरं, डोंगराच्या माथ्यावर, चारी बाजूंनी जंगल. "रानात वाघ हाय, अस्वलं हायती. मोरी म्होरं असती म्हनून बाकीच्या म्हशी चरायला जात्यात. ती न्हेली की आमचा वाडाच उठला म्हना," ती म्हणाली.

सर खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मुलाला खाऊ दिसल्यावर येतो तसा आनंद होता आणि मला त्याचा थोडा रागच आला. "परचुरेबाई, ह्या शब्दाचं मूळ ठाऊक आहे? लॅटिनमध्ये फेरॉक्स. त्यातला फेर म्हणजे रानातला, न माणसाळलेला. आणि ओक्स म्हणजे डोळा, नजर. आपल्या संस्कृत 'अक्षि'ची सख्खी चुलत बहीण! ज्याची नजर रानातली, तो फेरॉक्स. रोमन लोक शूर माणसालाही कौतुकानं असं म्हणायचे. त्याच घरातला इंग्रजीतला दुसरा शब्द, फिअर्स, तोही एके काळी मानी, धाडसी माणसासाठी वापरत. क्रौर्य त्यात पुढं मिसळलं."

ठकूबाई नीट ऐकत होती. "मग बदलतंय का?" तिने विचारलं.

"शुक्रवारी आम्ही येतो," सर म्हणाले. "परचुरेबाई, तुम्हीही."

"सर, प्रुफं पडली आहेत."

"पडू देत. ह्या शब्दासाठी जावं कोणाकडे, असा मी महिनाभर विचार करत होतो."

गुरुवारी दुपारी शेवटच्या गावात एस.टी.ने आम्हाला उतरवलं आणि तिथून तीन तासांची चढण सुरू झाली. सर छत्रीची काठी करून चालत होते आणि दर वळणावर मला विचारत होते, "समोर काय दिसतं, सांगा." मी चिडून एकदा "झाडं" असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "कोशकाराला 'झाडं' चालत नाही."

वर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली घरं, आणि मधल्या मोकळ्या जागेत परतलेल्या म्हशी. वीस-पंचवीस असतील. त्यांच्यात एक वेगळी उभी होती. तिला दावं नव्हतं. शिंगं मागे वळून पुन्हा वर आलेली, मान एवढी रुंद की मला तिच्या गळ्याला मिठी मारता आली नसती. तिने आमच्याकडे मान वळवली आणि पाहिलं. गोठ्यातली म्हैस पाहते तसं ते पाहणं नव्हतं. तिने मला तपासलं. मी, जिला सगळं कळत होतं, ती नकळत सरांच्या मागे सरकले.

"हीच का?" सरांनी हळूच विचारलं.

"हीच," मी म्हणाले.

ठकूबाईचा सासरा बमूआजा हा वाडीचा म्होरक्या. त्याने आम्हाला घोंगडीवर बसवलं, ताक दिलं. नवरा धाकू उंच, सडसडीत, खांद्यावर कायम कुऱ्हाड. तो बोललाच नाही. बायको न सांगता कोल्हापूरला जाऊन आली हे त्याला रुचलं नव्हतं, एवढं त्याच्या पाठमोऱ्या बसण्यावरून कळत होतं.

सकाळी मी ठकूबाईबरोबर पाण्याला गेले. झरा खाली, दाट झाडीत होता. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती पुढे, आणि तिच्या पुढे मोरी.

"रोज म्हशीला घेऊन येता पाण्याला?"

"आता आनतो. म्हैना झाला."

झऱ्यापाशी ती हंडा बुडवत असताना मोरी पाणी न पिता वाटेकडे तोंड करून उभी राहिली. ठकूबाईने हंडा भरला, पुन्हा ओतला, पुन्हा भरला. मग मागे न वळताच तिने विचारलं, "ताई, एकदा बोललेलं माघारी घेता येतं का?"

"कशाबद्दल म्हणता?"

"आसंच. खरं असलं तरी."

"खरं असेल तर मागं कशाला घ्यायचं? सांगून मोकळं व्हावं."

"मोकळं," ती म्हणाली. "तुमास्नी सोपं हाय."

मला ते लागलं. एवढी चढण चढून हिच्यासाठी आले, आणि वर हिचं हे बोलणं. मी हंड्याला हात लावायचंही विसरले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. समोर सगळं उघडं होतं: महिनाभरापासून बरोबर आणलेली म्हैस, तिचं वाटेकडे तोंड करून उभं राहणं, आणि पाठमोऱ्या बाईचा तो प्रश्न. इंग्रजी शब्दांच्या सात-सात छटा लिहिणाऱ्या मला त्यातलं अक्षरही वाचता आलं नाही. आमच्या कोशात त्या शब्दापुढे शेवटी काय छापलं ते कोणीही उघडून पाहावं. मी आता सांगणार आहे ते त्यात नाही.

दहाच्या सुमारास डॉक्टर मगदूम आले. बरोबर दत्तू मुकादम, काठी टेकत लंगडणारा, आणि जाड दोर घेतलेले दोन गडी. डॉक्टर भले गृहस्थ होते. चढण चढून त्यांची दमछाक झाली होती आणि आज संध्याकाळच्या आत खाली उतरायचं एवढंच त्यांच्या मनात असावं. जांभळीच्या सावलीत ते एका पाटावर बसले, मांडीवर फॉर्म घेतला. वाडीतली सगळी माणसं भोवती उभी राहिली. मोरी वीस पावलांवर, मोकळी.

सरांनी आधी बोलण्याची परवानगी मागितली. मग लॅटिन, रोमन, नजर, अक्षि, सगळं आलं. मीही ते इतक्या प्रेमाने सांगितलेलं कधी ऐकलं नव्हतं. बायका तोंडात पदर धरून ऐकत होत्या. एक म्हातारा तर हात जोडून उभा होता.

डॉक्टर शेवटपर्यंत थांबले. "सर, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण मला ह्या चौकोनात हो किंवा नाही एवढंच लिहायचंय."

"पण हो म्हणजे काय?"

"हो म्हणजे म्हैस खाली न्यायची."

डॉक्टर मुकादमाकडे वळले. "काय घडलं, सांग."

"मी झऱ्यावर पानी प्यायला गेल्तो, सायेब. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. मागनं आली आन शिंगच घातलं. पिसाळल्यागत करती ती. आज मला मारलं, उद्या प्वारास्नी मारंल."

"कुणी पाहिलं?"

ठकूबाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिची बोटं पदराचं टोक पिळत होती.

डॉक्टरांनी गड्यांना खूण केली. ते दोर घेऊन चार पावलं पुढे गेले आणि मोरीने मान खाली घातली. नाकातून श्वास सोडला. बाकीच्या म्हशी चरायच्या थांबल्या आणि एक एक करून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कोणी हाकललं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. गडी मागे सरले.

"बघा सर, ही नजर बघा," डॉक्टर म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

"मला दिसत नाही इथून," सर म्हणाले, आणि चालू लागले.

मी ओरडले, "सर!" धाकू झेपावला, पण बमूआजाने त्याचा दंड धरला. "हलू नगं. हालचाल क्येलीस तर ती म्हाताऱ्याला ठिवायची न्हाई."

सर छत्री टेकत थेट तिच्यासमोर गेले. हातभर अंतरावर थांबले. जसा कागद नाकाला लावून वाचायचे तसा त्यांनी चेहरा पुढे केला आणि तिचे डोळे पाहिले. आधी एक, मग दुसरा. मोरीच्या श्वासाने त्यांच्या सदऱ्याची कॉलर हलत होती. मोरी हलली नाही. ते हलले नाहीत. मग ते वळले आणि तसेच सावकाश परत आले. त्यांचा चेहरा देवळातून बाहेर आलेल्या माणसासारखा होता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "शब्द बरोबर आहे. ही माणसाळलेली नाही. हिच्यावर कोणाची सत्ता नाही. मी जन्मभर हा शब्द वाचत आलो, पाहिला आज." मग ते ठकूबाईकडे वळले. "बाई, मला माफ करा. मला खोटा अर्थ देता येत नाही."

मला वाटलं, जाऊन त्यांची छत्री मोडावी. दोन दिवस पायपीट करून आलेल्या बाईला हे उत्तर! डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," ठकूबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. ती गर्दीतून निघाली, गड्यांच्या मधून गेली, मोरीच्या बाजूला उभी राहिली आणि तिने आपला उजवा हात म्हशीच्या पाठीवर ठेवला. बमूआजाने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. सगळ्या पुरुषांनी घेतलं. मी शेजारच्या बाईकडे पाहिलं. ती कुजबुजली, "म्हशीच्या पाठीवर हात ठिवून आमच्यात कुनी खोटं बोलत न्हाई. आई हाय ती."

"मी बघितलंय," ठकूबाई म्हणाली. "म्हैना झाला. झऱ्यावर मी एकली हुतो. ह्या मुकादमानं मागनं येऊन माझं तोंड दाबलं. हात पिरगाळला. मला खाली पाडलं. मला वरडताबी आलं न्हाई. मोरी वर चरत हुती. तिला कुनी हाक मारली न्हाई. ती आली."

तिने हात म्हशीच्या पाठीवरून काढला नाही.

"मी घरात बोललो न्हाई. बोललो असतो तर ह्यांनी कुऱ्हाड घातली असती आन जेलात गेलं असतं. न्हाईतर मलाच घराभाईर काढलं असतं. दोन्हीतलं काय झालं असतं ते मला ठावं नव्हतं. म्हनून मी मास्तरांकडं गेलो. वाटलं, कागदावरचा शबुद बदलला तर म्हस वाचंल, आन मला हे बोलावं लागनार न्हाई." ती सरांकडे पाहून म्हणाली, "तुमी खरं बोलला, मास्तर. ती हाय तशीच. आता ती तशी का झाली त्येबी लिवा."

सरांनी खाली मान घातली. माझ्या डोळ्यांसमोर झऱ्यावरची सकाळ आली आणि मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

"खोटं हाय!" मुकादम ओरडला. "म्हस वाचवायला ही बाई..."

"ये मग," ठकूबाई म्हणाली. तिने पदर सावरला नाही, तो खांद्यावर उतरला होता. तिचे डोळे मी तेव्हा पाहिले. मला त्यांचं वर्णन करता येणार नाही. शब्दांच्या धंद्यात चाळीस वर्षं काढूनही येणार नाही. "हितं हात ठेव. माझ्या हाताशेजारी. आन म्हन, ही बाई खोटं बोलती."

"ती मारंल मला."

"न्हाई मारनार," बमूआजा म्हणाला. "ठकीनं धरलीया तिला. तू खरा असशील तर ये. मी हाय हितं."

मोरी उभी होती. मान आता वर होती. ती फुरफुरत नव्हती, खूर आपटत नव्हती. ती फक्त मुकादमाकडे पाहत होती. वाडीतली सगळी माणसं, वीस-पंचवीस म्हशी आणि त्या दोघी, सगळ्यांची नजर त्याच्यावर. त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं नाही. मग त्याने काठी तिथेच सोडली आणि लंगडत, धडपडत, झाडांना धरत तो उताराच्या वाटेने निघाला. दोर घेतलेल्या गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोर जमिनीवर ठेवला.

डॉक्टर उभे राहिले होते. फॉर्मवर त्यांनी सहाव्या ओळीच्या खाली काहीतरी बराच वेळ लिहिलं आणि ताब्यात घेण्याच्या चौकोनात 'नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. ते मी जवळून पाहिलं. "बाई, त्या माणसाविरुद्ध तक्रार करायची असेल तर मी स्वतः तुमच्याबरोबर ठाण्यात येईन," ते म्हणाले.

पण ठकूबाई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती धाकूकडे पाहत होती. सगळेच आता त्याच्याकडे पाहत होते. म्हैस वाचली होती. ठकूबाईचं अजून ठरायचं होतं.

धाकूच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याने उताराच्या वाटेकडे पाहिलं, जिकडे मुकादम गेला होता. मग कुऱ्हाडीच्या दांड्यावरची त्याची मूठ सैल झाली. त्याने कुऱ्हाड खांद्यावरून काढली, बापाच्या हातात दिली, आणि मधली जागा ओलांडून तो मोरीपाशी गेला. काही क्षण तो नुसता उभा राहिला. मग त्याने आपला हात म्हशीच्या पाठीवर, बायकोच्या हाताशेजारी ठेवला.

"माझी बायकू खरं बोलली," तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "ह्ये माझं म्हननं. त्येबी लिवा, डाक्टर. ठान्यात मीबी येतो."

इतका वेळ ताठ उभी असलेली ठकूबाई तिथेच, मोरीच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये, मातीत बसली आणि महिनाभराचं रडली. आम्ही कोणीच पुढे झालो नाही.

तिचं रडून होईपर्यंत मोरीने पाय हलवला नाही.